मारलं कुणी

मागच्या वर्षी मार्चमध्ये, महिला दिनाच्या आधीच्या आठवड्यात, एका शुक्रवारी दुपारी माझ्या चुलत भावाचा डावा हात मनगटाच्या वर मोडला. खोऱ्याच्या दांड्याने मोडला. दांडा त्याच्या बायकोच्या हातात होता.

चुलत भावाला मी दादा म्हणतो, त्याच्या बायकोला वहिनी. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या कडेला आहे. गावाखालचा ओढा ओलांडला की सांगली जिल्हा सुरू होतो. दादा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि तेव्हापासून एका साखर कारखान्याच्या गेटवर सुरक्षा रक्षक आहे. मी आधी साताऱ्यात होतो आणि आता सांगलीत एका दैनिकात काम करतो.

त्या दिवशी शेतीपंपाची वीज दुपारची होती. वहिनी एकटी उसाला पाणी पाजत होती. दादा ड्युटी संपवून येणार होता, तो उशिरा आला. तोवर वरच्या सरीचा बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं होतं. त्यावरून बोलाचाली झाली. पहिला तडाखा पाठीवर बसला. दुसरा त्याने हातावर घेतला आणि हाड मोडलं. तो खाली पडल्यावर तिसरा मांडीवर बसला. त्याने उलट हात उचलला नाही. हे मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

दवाखान्यात तो ओढ्यापलीकडे गेला. अलीकडच्या डॉक्टरांना घरातले सगळे माहीत होते. तिथे त्याने सांगितलं की उसाच्या ट्रॉलीवरून पडलो. तोडणीच्या हंगामात ट्रॉलीवरून कोणी ना कोणी पडतच असतं. डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. पाठीवर दांड्याचा वळ होता, पण सदरा कोणी काढायला लावला नाही.

त्याआधी त्याच्या कपाळावर खोक पडली होती. तेव्हा त्याने कारखान्यात सांगितलं होतं की म्हशीने शिंग मारलं. गेटवरचे जोडीदार ओळखून होते.

“हवालदार, म्हैस लय तापट दिसती तुमची.”

“दूध किती देती, आवं?”

“दूध कसलं, नुसता मार देती.”

दादाही हसला होता. हे त्यानेच मला सांगितलं. तापलेल्या उलथन्याचा खांद्यावरचा डाग मात्र त्याने कोणाला दाखवला नव्हता. मला दाखवला तो हात मोडल्यानंतर.

शनिवारी त्याने मला फोन केला. त्याला काय हवं होतं ते त्याने एका दमात सांगितलं.

“मला रानातल्या खोलीत एकटं ऱ्हायचंय. तेवढंच. पर मी आसाच निघालो आन हिनं तक्रार दिली, नवऱ्यानं टाकली म्हणून, तर माझी नोकरी जाती. म्हणून आदी माझी तक्रार कुणीतरी लिवून घ्याय पायजे. घरात ऱ्हायलो तर ही एक दिस मला ठार मारल.”

“चौकीत गेलास का?”

“जाऊन आलो.”

चौकीतल्या हवालदाराने त्याला खुर्ची दिली होती, चहा मागवला होता. मग म्हणाला होता, “सैन्यातला माणूस तुमी. बायकूनं मारलं म्हणून लिवू? उद्या कागद फिरला म्हंजे?” आणि त्याला गावच्या तंटामुक्ती समितीकडे पाठवलं होतं.

समिती रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात बसली. मी गावी गेलो होतो, म्हणून तिथे होतो. सगळे पुरुष होते. दादा गळ्यात हात अडकवून खांबाला टेकून बसला. वहिनीला बोलावलं. ती पायऱ्यांपाशी उभी राहिली.

अध्यक्षांनी विचारलं, “मारलं का गं ह्याला?”

“व्हय. मारलं.”

मंडपात हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, “आरं, मग ह्या पोरीलाच भरती करायची हुती सैन्यात.” पुन्हा हसले. दादा खाली बघत होता. दहा-पंधरा मिनिटांत नारळ फुटला आणि तंटा मिटला असं जाहीर झालं. खोबरं वाटताना एकाने दादाला मोठा तुकडा दिला आणि म्हणाला, “खा गड्या, अंगात ताकद यील.”

दुपारी वहिनी बांधावर वैरण कापत होती. मी तिथे गेलो. तिने विळा थांबवला नाही.

“भावजी, तुमी पेपरात लिवनार काय?”

“नाही.”

“लिवलं तर सगळं लिवा. ह्ये सुट्टीवर यायचे तवा मला मारायचे. पट्ट्यानं. बुटानं. लगीन झाल्यावर पयली दोन वर्सं. माझं पयलं पोर पोटातच गेलं, तवा तुमी कॉलेजात हुता. तवा ह्याच मंडपात माझा बाप येऊन बसला हुता. ह्याच लोकांनी नारळ फोडला. मग एकदा म्या मुसळ घातलं ह्यांच्या डोक्यात. त्या दिवसापास्नं ह्ये थांबले.”

“आणि तुम्ही?”

“मी न्हाई थांबले.”

ती पेंढी बांधून उठली. जाताना म्हणाली, “मला बी ठावं हाय एक दिस कायतरी हुनार. हात उचलला की मला कळत न्हाई कवा थांबायचं.”

दोन दिवसांनी, मंगळवारी, सांगलीत एका महाविद्यालयात महिला दिनानिमित्त परिसंवाद होता. विषय होता, समानतेच्या चर्चेत पुरुषांचे प्रश्न. बातमीसाठी मला पाठवलं होतं. दादा प्लास्टर दाखवायला सांगलीत आला होता आणि मला भेटायचं म्हणून सभागृहात येऊन शेवटून दुसऱ्या रांगेत बसला.

पहिला वक्ता पुरुषांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेचा पदाधिकारी होता. कायदा एकतर्फी आहे, खोट्या तक्रारींमुळे घरंच्या घरं तुरुंगात जातात, तरुण पोरं गळफास घेतात, असं तो बोलला. एका पोराचं प्रेत आपण स्वतः पंख्यावरून खाली घेतलं, असं सांगताना त्याचा आवाज चिरला. तेवढ्यावर तो थांबला नाही.

“या सभागृहात बायकोचा मार खाणारे किती जण आहेत? हात वर करा. लाजू नका.”

मागून कोणीतरी ओरडलं, “सर, तुमचा हात कुठाय?”

“माझी बायको पहिल्या रांगेत बसलीय. मी कसा वर करू?”

मोठा हशा झाला, टाळ्या पडल्या. दादाच्या शेजारी बसलेल्या एका तरुणाने त्याच्या गळ्यातल्या पट्टीकडे पाहिलं. “काका, तुमचा तर आदीच वर हाय.” दादा त्याच्याबरोबर हसला. आमच्या छायाचित्रकाराने त्याच वेळी मागच्या रांगांचा फोटो घेतला.

दुसऱ्या वक्त्या एक प्राध्यापिका होत्या. त्या म्हणाल्या की पुरुषांचे प्रश्न खरे आहेत, पण ते बाईच्या प्रश्नाला उत्तर म्हणूनच का निघतात. महिला दिन नसता तर आज हा परिसंवाद झाला असता का? मग त्यांनी हळदीच्या वखारीत काम करणाऱ्या एका बाईची हकीकत सांगितली. नवऱ्याने रॉकेल ओतून तिला पेटवलं होतं. दवाखान्यात तिच्या हाताची कातडी पट्टीबरोबर निघून येत होती आणि त्या स्वतः तिथे उभ्या होत्या. “तो हात मी धरलाय. आणि तुम्ही मला खोट्या तक्रारी सांगता?”

पदाधिकारी जागेवरून म्हणाला, “आमची पोरंही लटकतात, मॅडम.”

“लटकतात. का लटकतात ते बोला ना मग. फक्त बायकांमुळेच का?”

इथून पुढे दोघेही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देईनात. पुढचा वेळ कोणाचे मेलेले जास्त यावर गेला. त्याने एक जळीत प्रकरण खोटं ठरल्याचं सांगितलं, प्राध्यापिकांनी विहिरीत टाकलेल्या दोन बहिणींचं सांगितलं. मुलींच्या बाजूने टाळ्या, मग मुलांच्या बाजूने टाळ्या, असं चाललं. शेवटी प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीने विचारलं, “पुरुषांना सगळ्यात जास्त मारतं कोण?”

परिसंवादाच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि चहा तयार आहे असं सांगितलं.

दादा आणि मी महाविद्यालयाच्या उपाहारगृहात बसलो. बशीत चहा ओतणं त्याला एका हाताने जमत नव्हतं. मी ओतून दिला.

“त्या पोरीनं बराबर इचारलं,” तो म्हणाला.

“तू का नाही उत्तर दिलंस?”

“चा थंड झाला आसता.”

मग तो बोलायला लागला. त्याचा आवाज हजेरी देताना असतो तसा होता. वडलांनी म्हणजे माझ्या चुलत्यांनी त्याला पहिल्यांदा वेसणीच्या दोरीने मारलं, तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. जत्रेतली कुस्ती हरून घरी रडत आला, तर पाय बांधून विहिरीत उलटा सोडला होता. डोकं पाण्याला लागेपर्यंत. तालमीत वस्ताद ओल्या उसाने पोटऱ्या फोडायचे, आणि एकदा कान इतका पिळला की त्यातून रक्त आलं. त्या कानाने त्याला आजही कमी ऐकू येतं. भरतीच्या वेळी त्याने ते लपवलं होतं.

“एवढ्यांनी मारलं तवा कुणी इचारलं न्हाई. उलट म्हणत्यात, त्यामुळं घडला. आता हिनं मारलं तर भाषणं.”

“आणि तू वहिनीला मारायचास ते?”

त्याने बशी खाली ठेवली. “मारायचो. पट्ट्यानं. मला तेवढंच ठावं हुतं.” मग म्हणाला, “माझं काम तेवढं बघ की रं. कुणीतरी लिवून घील आसं बघ.”

मी एका वकीलबाईंना फोन केला. त्या स्त्रियांच्या समुपदेशन केंद्रात काम करतात. त्या म्हणाल्या की पुरुषाची तक्रार घ्यायची त्यांच्याकडे पद्धत नाही, पण मारहाण ही मारहाणच आहे. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मी सोबत येते. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता यायचं ठरलं. दादा हो म्हणाला आणि संध्याकाळच्या एसटीने गावी गेला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, परिसंवादाची बातमी छापून आली. मथळा होता, पुरुषांनाही हवा न्याय. सोबत मागच्या रांगांचा फोटो होता. त्यात प्लास्टरातला हात मधोमध दिसत होता आणि दादा हसत होता. फोटो कार्यालयात निवडला गेला. निवडणाऱ्याला दादा माझा कोण हे माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी तालमीतली तीन पोरं दादाच्या दारात आली. तिघेही विशीतले, कमावलेल्या अंगाचे. ज्याला बाईसारखा म्हणायचं त्या पुरुषाला बांगड्यांचा आहेर करायचा, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मोर्चे निघतात तेव्हा अधिकाऱ्यांच्या टेबलावरही बांगड्या ठेवतात. पोरांनी सुतळीत ओवलेली हिरव्या बांगड्यांची माळ आणली होती, सोबत एक खण आणि पेपरातला फोटो. ते त्यांनी चौकटीच्या खिळ्याला अडकवलं आणि हाक मारली, “हवालदार काका, आहेर आणलाय. घाला.”

दादा मागे न्हाणीत होता. वहिनी बाहेर आली. तिने माळ पाहिली. खोरं भिंतीला टेकवलेलं होतं.

पुढचं मला तिघांनी सांगितलं. वहिनीने, दादाने, आणि समोर नळावर पाणी भरत असलेल्या शेजारणीने.

वहिनी म्हणाली, “माझ्या दाराला बांगड्या? बांगड्यांचा हात बघायचाय व्हय रं?” एक पोरगा हसला. तिने खोऱ्याचं पातं आडवं मारलं. पहिल्याच्या खांद्यावर बसलं, तो मागे सरला. दुसऱ्याच्या कानाच्या वर बसलं. कवटीला चीर गेली. तो उंबऱ्यावर आडवा पडला तेव्हा माळही त्याच्या हाताबरोबर खाली आली आणि बांगड्या त्याच्या अंगाखाली फुटल्या. काचा गालात शिरल्या. तो पडल्यावर तिने बरगड्यांवर आणखी दोन घाव घातले. तिसरा पोरगा ओरडत पळाला. शेजारणीच्या सांगण्याप्रमाणे वहिनी त्या वेळी ओरडत नव्हती, काहीच बोलत नव्हती.

दादा ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून धावत आला. त्याने उजव्या हाताने तिच्या हातातलं खोरं ओढून घेतलं. गल्लीतले लोक जमले तेव्हा खोरं त्याच्या हातात होतं. पातं लाल होतं.

पोलीस अर्ध्या तासात आले. चौकीतला तोच हवालदार बरोबर होता. फौजदारांनी विचारलं, “कुणी मारलं?”

“म्या,” दादा म्हणाला.

“एका हातानं?”

“सैन्यात हुतो, साहेब.”

फौजदारांनी मान हलवली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

वहिनी त्यांच्या मागोमाग पोलीस ठाण्यात गेली. मी सांगलीहून पोचलो तेव्हा ती लेखनिकाच्या टेबलापुढे उभी होती.

“म्या मारलं. लिवा.”

“बाई, नवऱ्याला वाचवायचं असेल तर वकील बघा.”

“त्याला कशापायी वाचवू? त्याला तर मीच मारते.”

ठाण्यात हशा झाला. लेखनिकाने तिला बाकावर बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. तिचा जबाब घेतला गेला नाही.

शेजारीण मला फोनवर काय म्हणाली होती ते मी फौजदारांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “तुम्ही स्वतः पाहिलं?” मी नाही म्हणालो. “शेजारीण जबाब देईल?” मी गावात जाऊन विचारलं. तिचा नवरा दारात आला आणि म्हणाला, “आमच्या बाईनं काय बी बघितलं न्हाई.” ती त्याच्या मागे उभी होती.

जखमी पोरगा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. डोक्याला पट्ट्या होत्या, जबडा सुजला होता. त्याने जबाब दिला की हवालदार काकांनी खोऱ्याने मारलं. उरलेल्या दोघांनीही तेच सांगितलं. रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्यातल्या एकाला मी बाजूला घेऊन विचारलं. त्याने आधी खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “आवं, बाईनं डोस्कं फोडलं म्हणून सांगू? तालमीत पाय ठिवू देतील का आमाला? आन ह्याचं तर लगीन ठरलंय.”

त्याआधी, गुरुवारी रात्री, मी कोठडीत दादाला भेटलो होतो. गजांपाशी मी त्याला खरं सांग म्हणालो.

“काय सांगू? तिनं पोराला मारलं म्हणलं की पुढचा सवाल, तुझा हात कुणी मोडला.”

“तेच तर तुला लिहून हवं होतं. उद्या वकीलबाई येणार आहेत.”

“तवा मी मार खाल्ल्याला हुतो. आता मारनारा हाय.” त्याने आजूबाजूला पाहिलं. “गावात फरक पडतो, पेपरवाल्या.”

तेवढ्यात कोठडीवरचा शिपाई त्याला चहा घेऊन आला. “काय हानलाय हो हवालदार, एका हातानं,” तो म्हणाला. दादा हसला आणि त्याने कप घेतला.

शुक्रवारी अकरा वाजता वकीलबाई आल्या. त्यांनी कोठडीपाशी उभं राहून दादाला विचारलं की त्याच्या खांद्यावर भाजल्याची खूण आहे का, पाठीवर वळ आहे का. त्याने दोन्हीला नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. त्याने पाठ फिरवली.

बातमी मी लिहिली. त्यात आरोपीच्या पत्नीने आपणच मारल्याचं सांगितलं आहे, असं एक वाक्य होतं. संपादकीय विभागाने ते काढलं. रात्रपाळीच्या प्रमुखांनी मला कारण सांगितलं: बायका नवऱ्यासाठी असं म्हणतातच. छापून आलेल्या बातमीचा मथळा होता, किरकोळ वादातून निवृत्त जवानाचा तरुणावर हल्ला.

दादाला तालुक्याच्या न्यायालयात उभं केलं. वहिनी शेवटच्या बाकावर होती, वकीलबाई तिच्या शेजारी. दंडाधिकाऱ्यांनी आधी त्याचं नाव विचारलं, मग ताब्यात घेतलेल्या प्रत्येकाला विचारतात ते विचारलं.

“तुम्हाला कोणी मारहाण केली आहे का?”

दादा ताठ उभा होता. त्याने एकदा मागे पाहिलं.

“न्हाई, साहेब.”

“काही तक्रार?”

“न्हाई.”

पुढच्या आठवड्यात त्याला जामीन मिळाला. न्यायालयाच्या आवारातून तो आणि वहिनी एकाच रिक्षात बसून गावाकडे गेले.